तिसरा थर

त्सुकुबा, १२ एप्रिल

आदरणीय काजिवारा सेन्सेई,

पत्राच्या सुरुवातीला फुलं, वारा, हवापाणी आलं की तुम्ही ते पान वाचतच नाही, हे मला आठवतं. म्हणून सरळ मुद्द्यावर येते. तुमचा तीन थरांचा निकेल ऑक्साइड मी पुन्हा बनवायला घेतला आहे.

हे वाचून पत्र खाली ठेवलं असेल, तर कृपा करून परत उचला.

मी हारागुची इत्सुको. तुमच्या प्रयोगशाळेत अगदी शेवटी आलेली विद्यार्थिनी. स्फटिकाचे तुकडे घासून आरशासारखे करायचं काम माझ्याकडे होतं आणि "घासताना बोलू नकोस, हात हलतो" असं तुम्ही मला रोज सुनवायचात. तुम्ही संस्था सोडून सादो बेटावर गेलात त्याला अकरा वर्षं झाली. आता इथल्या एका संशोधन संस्थेत माझा स्वतःचा छोटा गट आहे. लेझरने ऑक्साइडची वाफ करून अणूंचा एकेक थर बसवायचं यंत्र माझ्या ताब्यात आहे. तुमच्या वेळच्यापेक्षा पुष्कळ चांगलं. तुमचं यंत्र तापलं की रडायचं, हे रडत नाही.

तुम्ही जाहीर केलंत की निकेलचे तीन थर, मग लँथॅनमचा पडदा, पुन्हा तीन थर अशी रचना केली, की एका ठरावीक तापमानाखाली तिच्यातून वीज काहीही अडथळा न होता वाहते. ते तापमान इतकं वरचं होतं, की जगभरच्या प्रयोगशाळा तुमच्या पाककृतीवर तुटून पडल्या. कुणालाच काही मिळालं नाही. चौकशी बसली. "लबाडी सिद्ध झाली नाही, पण दावाही सिद्ध झाला नाही" असा निकाल लागला, आणि तो लागायच्या आधीच तुम्ही राजीनामा दिला होतात.

पुढचं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. आमच्याकडच्या मुलांमध्ये तुमच्या नावाचा वाक्प्रचार झाला आहे. एखाद्याचा आलेख फारच देखणा आला, की बाकीचे विचारतात, "काय रे, हा काजिवारा तर नाही ना?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना काजिवारा हा माणूस आहे हेसुद्धा माहीत नाही.

तो शब्द मला आता ऐकवत नाही. म्हणून हे काम.

तुमच्याकडून एवढंच हवं आहे: ज्या चकतीवर थर बसतात तो आधारक किती तापवत होतात? छापलेला आकडा नको, खरा हवा.

आपली,
हारागुची इत्सुको


त्सुकुबा, २० जून

आदरणीय सेन्सेई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. मी लिहीत राहते.

बनवलेले सगळे नमुने मुके निघाले. दिसायला काळेभोर, चकचकीत, क्ष-किरणात रचना अगदी पुस्तकातल्यासारखी, आणि थंड केले की विजेचा रोध कमी व्हायच्या ऐवजी वाढतच जातो. बरणीची झाकणं म्हणून वापरता येतील.

आमचे विभागप्रमुख ओकुबो-सान यांना सुगावा लागला. माझ्या टेबलाशी येऊन ते वाळवलेल्या रताळ्याची चकती चघळत उभे राहिले.

"हारागुची-सान, यंत्र तुला बॅटरीच्या थरांसाठी दिलंय. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे निकेल कुठून आलं?"

"बॅटरीतही निकेल असतं."

"असतं. पण अशा थरांत नसतं. मी म्हातारा झालोय, आंधळा नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "काजिवारांचं भूत उकरतेस ना? त्या थरांपायी दोघांचं आयुष्य गेलं, त्यांचं आणि मोजमाप करणाऱ्या पोराचं. तिसरी तू?"

मी म्हटलं, "वर्षअखेरपर्यंत मुदत द्या. बॅटरीचं कामही होईल, एक नमुना कमी पडणार नाही."

"आणि काही निघालं नाही तर?"

"तर काही निघालं नाही, असं छापीन. तेही आजवर कुणी नीट छापलेलं नाही."

ते बराच वेळ चघळत राहिले. शेवटी म्हणाले, "वर्षअखेर. त्यानंतर मला त्या यंत्रात निकेल दिसता कामा नये." माझा करार मार्चमध्ये संपतो आणि तो वाढवायचा की नाही हे त्यांच्याच शेऱ्यावर ठरणार आहे. ते दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

तुमच्याकडे मूळ नमुन्याचा एक तुकडा आहे, अशी माझी समजूत आहे. चौकशी समितीने तपासून परत केलेला; तोवर त्यातला ऑक्सिजन निसटून तो मोजण्याजोगा राहिला नव्हता, पण थर तर जागेवर असतील. तो मिळाला तर पुष्कळ अंदाज वाचतील.

आपली,
हारागुची इत्सुको


त्सुकुबा, २७ ऑगस्ट

आदरणीय सेन्सेई,

परवा सादोवर तुमच्या बागेत आपलं जे बोलणं झालं, ते इथे लिहून ठेवते. कारण पुढे तुम्ही "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणाल, आणि तसं म्हणण्यात तुमचा हात धरणारा कुणी नाही.

तुम्ही शिडीवर होतात, पर्सिमनची हिरवी फळं विरळ करत. खाली न बघताच विचारलंत, "निईगाताच्या बोटीने आलीस?"

"हो."

"उलटी झाली?"

"नाही."

"मग परत जाताना होईल. कशाला आलीस?"

"नमुना मागायला."

"समुद्रात टाकला."

तेवढ्यात जवाचा गार चहा घेऊन मिचियो-सान बाहेर आल्या. म्हणाल्या, "समुद्रात? गुडघाभर पाण्यात उतरायला घाबरतो माझा नवरा. बेटावर राहून मासे बाजारातून आणतो."

"तू आत जा."

"जाते. पण हिला जेवल्याशिवाय सोडणार नाही. इतक्या वर्षांत या घरी तुमचं म्हणून कुणी आलंय का?"

मग तुम्ही खाली उतरलात. म्हणालात, "ज्यांनी बनवून पाहिलं ते सगळे मूर्ख होते का? सगळ्यांना काही मिळालं नाही, याचा अर्थ तिथे काही नव्हतं."

"मग तो आलेख कुठून आला?"

तुम्ही कात्री पुसलीत. "मी नमुना बनवला. मोजला मी नाही. मोजणाऱ्याला विचार."

सेन्सेई, चौकशी समितीपुढेही तुम्ही नेमकं हेच म्हणाला होतात. "मोजमाप मुरोताने केलं, मी फक्त आलेख पाहिला." शब्दाशब्दाने खरं. मी मागच्या खुर्चीवर होते. ते ऐकल्यावर समितीतल्या कुणीही तुमच्या त्या विद्यार्थ्याला, मुरोताला, दुसरा प्रश्न विचारला नाही. लबाडी कुणाची, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं.

माशांचं कालवण फार चांगलं होतं, मिचियो-सानना सांगा. बोटीवर मला काही झालं नाही.

हारागुची इत्सुको


त्सुकुबा, १५ नोव्हेंबर

सेन्सेई,

आता दोन गोष्टी सांगते. एक नमुन्याची, एक माझी.

आधी नमुन्याची. थर बसत असताना त्यावर आडवा इलेक्ट्रॉनचा झोत टाकला, की पडद्यावर एक ठिपका दिसतो. एक थर भरला की तो एकदा मंदावतो, एकदा उजळतो. तुमच्या यंत्रावर ही सोय नव्हती. मी ते ठोके कानाने गाणं ऐकावं तसे बघत बसते. सप्टेंबरमध्ये लक्षात आलं, की प्रत्येक नमुन्यात सुरुवातीला एक ठोका चुकतो. मी थर टाकते आणि पडदा म्हणतो, आलाच नाही.

मला वाटलं लेझर अडखळतोय. लेझर बदलून पाहिला. मग वाटलं आधारक मळका आहे. तुम्ही शिकवलंत तसे हाताने घासले, न बोलता. तरी तेच. शेवटी नमुन्याची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा उलगडलं. टाकलेले थर टाकलेल्या जागी राहत नाहीत. निकेलवर लँथॅनम टाकलं, की तापमान चढं असेल तर निकेल त्याच्याखालून निसटून वर येतं. आपण तीन मोजून ठेवतो आणि आत ते आपापसांत जागा बदलतात. आधारक किती तापलाय यावर कुठे तीन राहतील, कुठे दोन, कुठे चार, हे ठरतं. रोध मोजून हे कळत नाही, वरून बघूनही कळत नाही.

एका नमुन्यात, जिथे आधारक जास्त तापला होता, तिथे रोध अचानक खाली आला. शून्यापर्यंत नाही, पण निम्म्याने. मी तीनदा तपासलं.

म्हणजे तुमच्या त्या रडणाऱ्या यंत्राने तुम्ही समजत होतात त्यापेक्षा भलतंच काही बनवलं असण्याची शक्यता आहे. ते काय, हे फक्त तुमच्याकडचा तुकडा सांगू शकतो. तो बघायचा तर उभा कापावा लागेल. कापल्यावर तो तुकडा उरणार नाही. तुमच्याजवळ तेवढाच पुरावा आहे आणि तो तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो. जे दिसेल ते मी छापीन. हे आधीच सांगते.

आता माझी गोष्ट. तुम्ही माझं नाव हारागुची म्हणून वाचता, कारण माझे शोधनिबंध त्या नावाने आहेत. घराच्या दारावर मुरोता लिहिलेलं आहे. तुम्ही गेलात त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही लग्न केलं. तुम्हाला आमंत्रण पाठवायचं त्याच्या मनात होतं. मी पाठवू दिलं नाही.

संशोधन सुटल्यापासून तो त्सुचिउराच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. मुलांचा लाडका आहे. त्याने तक्रार केलेली मी कधी ऐकली नाही. मी हे काम घेतलं तेव्हा म्हणाला, "कशाला? माझं काय अडलंय?" मी म्हटलं, "तुझं नसेल अडलं, माझं अडलंय." दूरदर्शनवर कुठल्या शोधाची बातमी आली की तो उठून भांडी घासायला जातो. घासायला भांडी नसली तरी जातो.

तुम्ही आलेख पाहिलात तेव्हा आनंदाने त्याच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारलीत, की त्याचा चष्मा पडला. मीही तिथे होते. तुम्हाला त्याची लबाडी वाटत होती, तर त्या दिवशी का वाटली नाही? सगळे हसायला लागल्यावरच का वाटली?

तुकडा पाठवा.

मुरोता इत्सुको


त्सुकुबा, १८ जानेवारी

सेन्सेई,

काल मिचियो-सानकडून वाळवलेल्या पर्सिमनची पेटी आली. फळांच्या खाली, चहाच्या डबीत, कापसात गुंडाळलेला तुमचा तुकडा होता. नखाएवढा, काळा, कडेला सोन्याचे चार ठिपके. मोजायच्या तारा जोडण्यासाठी ते ठिपके मुरोताने लावलेले आहेत, मी ओळखते. सोबत चिठ्ठी: "त्याला सांगू नकोस. तो रोज उघडून बघतो, म्हणून डबी बदलून पाठवतेय. जुन्या डबीत बटण ठेवलंय."

मी लगेच फोन केला. म्हटलं, "मिचियो-सान, हे मला घेता येणार नाही."

"का ग? हवा होता ना?"

"सेन्सेईंच्या हातून हवा होता."

"त्याच्या हातून काही सुटत नाही. तुझी पत्रं न्हाणीघरात नेऊन वाचतो आणि बाहेर येऊन म्हणतो, जाहिरातीचा कागद होता."

ओकुबो-साननी तुकडा पाहिला तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली. वर्षअखेर उलटून गेली आहे. रोध निम्म्याने उतरलेला आलेख दाखवून मी थोडी मुदत मागून घेतली होती, पण तीही आता ताणली गेली आहे.

"नमुना हातात आहे," ते म्हणाले, "कापायचं यंत्र या आठवड्यात रिकामं आहे, तुझा करार संपायला आलाय, आणि तू परवानगीची वाट बघणार? जो माणूस एका पत्राला उत्तर देत नाही त्याच्या?"

"हो."

"हा हट्ट आहे."

"असेल. या नमुन्याच्या बाबतीत एकदा एका माणसाला न विचारता त्याचा निकाल लावला गेला. दुसऱ्यांदा तसं माझ्या हातून होणार नाही."

ते उठले. जाताना पेटीतलं एक फळ मात्र घेऊन गेले.

तर सेन्सेई, तुमच्या डबीत बटण आहे. तुकडा माझ्या कपाटात आहे, कुलपात. मी त्याला पातं लावलेलं नाही. नको असेल तर नाही म्हणा, मी स्वतः बोटीने आणून देईन. कापायचा असेल तर तसं सांगा. पण सांगा. मिचियो-सानवर रागावू नका.

मुरोता इत्सुको


त्सुकुबा, २४ मार्च

सेन्सेई,

तुम्ही घरी नीट पोहोचलात हे मिचियो-साननी कळवलं. तुम्ही गेल्यानंतर जे झालं ते सांगण्यासाठी हे पत्र आहे. पण आधीचंही थोडं लिहिते. मिचियो-सान म्हणाल्या की तुम्ही त्यांना फक्त एवढंच सांगितलंत, "कापला." त्यांनाही कळू दे.

फेब्रुवारीत तुम्ही काही न कळवता आमच्या संस्थेच्या फाटकाशी येऊन उभे राहिलात. पहारेकऱ्याने मला फोन केला, "एक आजोबा आलेत. काम विचारलं तर म्हणतात, कापायला आलोय. पाठवू का?"

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत ते यंत्र चालवणाऱ्या शिराकी-साननी तुकडा उभा कापला, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे होतात. चित्र पडद्यावर आलं तेव्हा मी हाक मारली. अणूंच्या रांगा दिसत होत्या, ठिपक्यांच्या रांगोळीसारख्या. तुम्ही अगदी जवळ जाऊन नखाने मोजायला लागलात. "एक, दोन, पडदा. एक, दोन, पडदा." तळापासून मोजत वर आलात. मग पुन्हा तळाशी गेलात.

"तिसरा कुठे आहे?"

"नाही, सेन्सेई. वरच्या भागात गोंधळ आहे, तीन आहेत, चार आहेत. पण तळाशी या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पट्टा दोनचाच आहे. विजेला तेवढी वाट पुरते."

"मी तीन टाकले होते."

"तुम्ही तीन टाकलेत. झाले दोन."

शिराकी-सान उगाच कसलीतरी खुंटी फिरवत होते.

"म्हणजे सगळ्या जगाला मी चुकीची पाककृती दिली," तुम्ही म्हणालात. "त्यांनी इमानाने तीन बनवले. आणि तीनमध्ये काही नव्हतं."

"हो."

"आणि मुरोताने जे मोजलं..."

"ते बरोबर होतं. त्यात कणभर चूक नव्हती."

"तो घरी किती वाजता येतो?"

पुढचं मिचियो-सान, तुम्ही नीट ऐका. यांनी आमच्या दारातच, कोट न काढता, खाली बसून जमिनीला कपाळ टेकवलं. मुरोता आतून आला, हातात शाळेची पिशवी. मी बाजूला उभी होते. इतकी वर्षं या क्षणासाठी मी मनात पुष्कळ वाक्यं तयार करून ठेवली होती, त्याच्या वतीने. त्यातलं एकही त्याने वापरलं नाही. तो म्हणाला, "सेन्सेई, आत या. दार उघडं राहिलं की घर गार पडतं."

मग, सेन्सेई, आपण तिघं जेवलो. तुम्ही दोघं सबंध वेळ त्याच्या शाळेतल्या एका मुलीबद्दल बोलत होतात, जिने लिंबू जोडून घड्याळ चालवलं होतं. मला राग आला. मला वाटलं, एवढंच? मी या माणसांसाठी वर्षभर झटले, आणि हे लिंबावर बोलतायत.

तुम्ही गेल्यावर त्याने भांडी घासली. या वेळी खरंच होती. पाठमोराच म्हणाला, "फार म्हातारे झालेत ग."

"तू काहीच बोलला नाहीस."

"काय बोलू? मला वाटायचं, ते कधी आले तर मी ओरडेन. पण त्यांचे हात पाहिलेस? शिडी चढून चढून फाटलेत." नळ बंद करून त्याने विचारलं, "दोन थरांचा नमुना मुद्दाम बनवलायस का?"

"बनवलाय. सुरुवातीला एक जास्तीचा थर टाकून, म्हणजे निसटायचं ते आधीच निसटेल. अजून मोजलेला नाही."

"का?"

"तुझी वाट बघतेय."

शनिवारी तो आला. ओकुबो-साननी दारावर पाहुण्याचं ओळखपत्र तयार ठेवलं होतं आणि स्वतः मात्र तिकडे फिरकले नाहीत. सोन्याची केसासारखी तार त्याने चिमट्यात धरली. पहिली तार तुटली. दुसरीही. "इत्सुको, तू बाहेर थांब," तो म्हणाला. मी थांबले. मग आतून हाक आली.

थंड करायला लागलो. रोध हळूहळू उतरत होता, मग एका जागी कड्यावरून दगड पडावा तसा कोसळला. यंत्राला दिसू शकतं त्याच्याही खाली, म्हणजे शून्यच. मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "गरम कर. पुन्हा." पुन्हा तेच झालं. त्याने तारा काढल्या, दुसऱ्या जागी लावल्या. पुन्हा तेच. मग दुसरा नमुना. दुपार उलटून गेली. शेवटी त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात डोळ्यांवर धरून बसला. मी जवळ गेले नाही. तो वेळ त्याचा होता.

माझा करार दोन वर्षांनी वाढला आहे. ओकुबो-सान म्हणाले, "यंत्रात आता मला निकेलच दिसलं पाहिजे."

शोधनिबंध लिहायला घेतला आहे. जाताना फलाटावर तुम्ही बजावलंत, की त्यावर तुमचं नाव नको, तुमची ती लायकी नाही. मी तेव्हा हो म्हटलं. पण काल पहिला परिच्छेद मुरोताने लिहिला. त्याचं पहिलंच वाक्य असं आहे: "आम्ही पूर्वी जाहीर केलेले मोजमाप बरोबर होते; रचना मात्र आम्ही चुकीची सांगितली."

मी म्हटलं, "रचना तू सांगितली नव्हतीस. ती त्यांची चूक."

तो म्हणाला, "आणि मोजमाप त्यांनी केलं नव्हतं. त्या जुन्या निबंधावर दोघांची नावं होती. आम्ही म्हणजे आम्ही."

तो ते वाक्य बदलायला तयार नाही. तुमचं नाव काढलं तर तो 'आम्ही' मला एकवचनी करावा लागेल, आणि ते मी करणार नाही. तेव्हा होकार कळवा.

तुमची,
मुरोता इत्सुको